जाळीचं कपाट आणि विसरणारा मेंदू

फ्रिजच्या तळाशी भाज्यांचा खण असतो. त्यात आठ दिवस पडून राहिलेली मेथीची जुडी कशी दिसते, हे मला नीट ठाऊक आहे. वर्तमानपत्राचा कागद ओला होऊन पानांना चिकटलेला असतो. बाहेरची पानं पिवळी, आतली काळपट आणि बुळबुळीत. देठांना बांधलेली सुतळी मात्र जशीच्या तशी. बाजारात ती जुडी मी हौसेने निवडलेली असते. मेथी मला मनापासून आवडते. पण खण बंद झाला त्या क्षणी ती माझ्या जगातून नाहीशी झाली, आणि पुन्हा भेटली ती वासाने.

चाळिशी उलटल्यावर मला कळलं की माझ्या मेंदूची घडणच अशी आहे. डॉक्टर तिला एडीएचडी म्हणतात. तोपर्यंत घरात धांदरट, वेंधळी, निष्काळजी हेच शब्द होते. माझ्या ताईचा मुलगा धारला असतो, तो स्वमग्न आहे. आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरांत अन्न वाया जायचं, पण कारणं अगदी निराळी होती. ती कारणं शोधता शोधता मी थेट आजीच्या जाळीच्या कपाटापाशी जाऊन पोचले.

आमचं मूळ घर माळव्यातल्या देवासला. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांनी हे राज्य वाटून घेतलं, आणि तेव्हापासून १९४८ पर्यंत एकाच गावात दोन राज्यं नांदली: थोरली पाती आणि धाकटी पाती. आजीने हीच वाटणी कपाटात केली होती. लाकडी चौकट, तिन्ही बाजूंना बारीक तारेची जाळी, मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. वरचा खण थोरली पाती, तिथे आजचं ताजं. खालचा, लहान मुलाच्याही नजरेच्या उंचीवरचा, धाकटी पाती. तिथे कालचं, म्हणजे आधी संपवायचं. शाळेतून आल्यावर आम्ही दप्तर टाकायच्या आधी धाकट्या पातीत डोकावायचो. पोळीचा लाडू असायचा, नाहीतर बाफल्यांचा चुरमा.

त्या कपाटाचं मोठेपण कळायला आठवणीचं शास्त्र थोडं समजून घ्यावं लागतं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, दोन इकडे किंवा दोन तिकडे. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी ती संख्या चारच्या आसपास आणली. चार! सगळ्याच माणसांचं हे असं आहे. गॅसवर दूध, दारात कोणीतरी, हातात फोन आणि डोक्यात उद्याचं काम, की झाली मनाच्या ओट्यावरची जागा भरून. मेथीला पाट मांडायला कोपरा उरत नाही. एडीएचडीत तर हा ओटा आणखी लहान, आणि त्यावरच्या वस्तू सारख्या घरंगळणाऱ्या.

याहून नवल वाटतं ते एका वेगळ्याच आठवणीचं. काल काय घडलं हे आठवणं एक, आणि ‘पुढे काहीतरी करायचं आहे’ हे योग्य वेळी आठवणं दुसरं. या दुसरीचेही दोन प्रकार आहेत. एक वेळेवर टांगलेली: परवापर्यंत मेथी करायला हवी. दुसरी खुणेवर टांगलेली: मेथी दिसली की करायची. एडीएचडीत आणि स्वमग्नतेतही अडखळते ती मुख्यतः वेळेवर टांगलेली आठवण. खूण समोर आली, तर पुष्कळदा काम जमून जातं.

आता ते कपाट पुन्हा डोळ्यांसमोर आणा. जाळीतून सगळं दिसायचं. येता-जाता खूण समोर उभी. एवढंच नाही, वासही यायचा. आंबू लागलेलं वरण स्वतःच हाक मारायचं. आजीने मानसशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं, पण तिच्या कपाटाने वेळेवर टांगलेलं प्रत्येक काम खुणेवर आणून ठेवलं होतं.

मग फ्रिज आला. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली, आमच्याकडे यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. फ्रिजने अन्नाचं आयुष्य वाढवलं, त्याचे उपकार मी मानते. पण त्याला अपारदर्शक दार आहे, म्हणजे डोळे मिटले. आणि थंडीत वासाचे कण कमी उडतात, म्हणजे नाकही मिटलं. ज्यांच्या डोक्यातलं घड्याळ नीट चालतं त्यांना हे चालून जातं. ज्यांचं घड्याळ घराच्या खुणांवर चालत होतं, त्यांच्या घरातून फ्रिजने ते घड्याळच काढून नेलं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा अंदाज दिला आहे: जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. भारतातल्या घरांसाठी माणशी वर्षाला ५५ किलो, साली-देठांसकट. देवासच्या माणसाला हा आकडा पाण्याच्या हिशेबात लवकर कळतो, कारण १९९० साली या गावाला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. एक किलो गहू पिकायला जगाच्या सरासरीने सुमारे १८०० लिटर पाणी लागतं. म्हणजे एका पोळीमागे पन्नासेक लिटर, तीन-चार हंडे. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा हातातल्या पोळीकडे बघतच राहिले.

पण अपराधी वाटल्याने खण उघडला जात नाही, उलट तो आणखी घट्ट बंद होतो. आत काय झालं असेल या धास्तीने डब्याला हात लावावासा वाटत नाही, आणि चार दिवसांचं आठ दिवसांचं होतं. ‘पानात टाकू नये’ हे ऐकत आपण वाढतो. ते खरंच आहे, पण ते वाक्य मेथी निवडून देत नाही.

मेथी निवडणं हे तर एक काम नव्हेच. सुतळी सोडा, पानं खुडा, तीन पाण्यांतून माती काढा, निथळा, चिरा, मग कुठे फोडणी. माझ्यासारखीला प्रत्येक पायरी हा उंबरठा असतो. आजीच्या वेळी भाजी निवडायला शेजारच्या काकू येऊन बसायच्या. बोलता बोलता दोन जुड्या निवडून व्हायच्या. एडीएचडी असलेली कितीतरी माणसं आज सांगतात की नुसतं कोणी शेजारी असलं तरी काम सुरू होतं आणि तडीला जातं. त्याला ‘बॉडी डबलिंग’ असं नाव पडलं आहे. मी हिवाळ्यात मटार सोलताना ताईला फोन लावून फोन ताटाशेजारी ठेवते. ती तिकडे धारला लसूण सोलत असते. आणि ज्या आठवड्यात तेही जमणार नसतं, त्या आठवड्यात मी निवडलेली भाजी विकत घेते. चार पैसे जास्त जातात, पण जुडी सडत नाही.

धारची गोष्ट वेगळी. भाच्याला विसर पडत नाही. कोणत्या तारखेला कोणता डबा होता तेही तो सांगेल. त्याची अडचण जिभेची, आणि अंदाजाची. बोरं घ्या. एक गोड, दुसरं आंबट, तिसरं पिठूळ, चौथ्यात अळी. प्रत्येक घास ही नवी परीक्षा. बिस्किटाचं तसं नाही, शंभरावं बिस्किट पहिल्यासारखंच लागतं. ज्याच्या संवेदना आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या आवाजात बोलतात, त्याला तो सारखेपणा म्हणजे सुरक्षितता. भेंडीची तार, सीताफळाचा रवाळ गर, भाजीत अचानक दाताखाली आलेली मोहरी, यांनी त्याचं जेवण तिथेच थांबतं. ताई वर्षानुवर्षं ‘कधीतरी खाईल’ म्हणून पूर्ण वाढत राहिली आणि पूर्ण उचलत राहिली. आता नवा पदार्थ चमचाभर, वेगळ्या वाटीत. नको असेल तर वाटी सरकवायची, ताट बिघडत नाही.

आणि तिथे मदतीला आली ती माळव्याची शेव. मऊ, लगदा झालेलं उरलेलं अन्न त्याला सहन होत नाही, पण वरून रतलामी शेव पडली की तेच वरण तो खातो. कुरकुर सगळीकडे सारखी असते ना! माळव्यात पोह्यांपासून भाजीपर्यंत सगळ्यावर शेव भुरभुरतात, त्यामागे असंही काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शिळ्या पोळीचं रसायनही असंच गमतीचं. पोळी गरम असते तेव्हा पिठातल्या स्टार्चच्या साखळ्या पाणी पिऊन सैल पसरलेल्या असतात. थंड होताना त्या पुन्हा एकमेकींना बिलगून रांगेत बसतात, म्हणून पोळी कडक होते. आणि हे सगळ्यांत वेगाने घडतं ते नेमकं फ्रिजच्या थंडीत. बाहेर डब्यात ठेवलेली पोळी दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या पोळीपेक्षा मऊ असते ती यामुळे. पण फोडणीच्या पोळीला हा कडकपणाच हवा, ताज्या पोळीचा कुस्करा चिकट गोळा होतो. भाताचंही तेच, कालच्या भाताचं शीत मोकळं राहतं.

उरलेला भात रात्रभर बाहेर ठेवायची आजीची सवय मात्र मी सोडली आहे. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. ‘दोन तास’ ही वेळेवर टांगलेली गोष्ट, म्हणजे माझ्याकडून चुकणारच. म्हणून मी ती विरजणाला बांधली. जेवणं उरकली की मी दही लावते, ते कधी चुकत नाही. आता दह्याचं भांडं झाकलं की भाताचा डबा आत जातो.

खूण चित्राचीही असू शकते. धार जिल्ह्यातल्या मांडूच्या किल्ल्यावर, १५०० सालाच्या आगेमागे, सुलतान ग्यासशाह आणि त्याचा मुलगा नासिरशाह यांच्यासाठी ‘निमतनामा’ नावाचा पाककृतींचा ग्रंथ तयार झाला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात पन्नास चित्रं आहेत. कुठे चुलीवर भांडी चढली आहेत, कुठे पदार्थ तयार होतोय, आणि झुबकेदार मिशांचा सुलतान समोर बसून बघतोय. भाच्याला ही चित्रं फार आवडतात. शब्दांच्या सूचनेपेक्षा चित्र त्याला लवकर पोचतं. स्वमग्न मुलांसाठी दिवसाचा क्रम चित्रांनी मांडायची पद्धत अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉप्लर यांच्या ‘टीच’ कार्यक्रमात १९७० च्या दशकापासून रुजली. ताईने फ्रिजच्या दारावर तशीच चित्रं लावली आहेत. आत काय आहे ते दारावर, संपलं की चित्र काढायचं. अपारदर्शक दाराला त्या दोघांनी अशी जाळी बसवली.

माझ्या फ्रिजमध्ये आता लोणची, सॉस आणि बाटल्या तळाच्या खणात गेल्या आहेत, कारण त्या विसरल्या तरी काही बिघडत नाही. भाज्या दाराच्या कप्प्यात आल्या आहेत. कोथिंबीर पाण्याच्या ग्लासात उभी, मेथी फुलांसारखी समोर. इथे ती तळाच्या खणापेक्षा लवकर सुकते, पण सुकायच्या आधी पोटात जाते. डब्यांवर कागदी पट्टी असते, तिच्यावर मी कधी केलं ते लिहीत नाही. तसं लिहिलं की दिवस मोजावे लागतात. मी शेवटचा वार लिहिते: ‘बुधवारपर्यंत’.

मधल्या कप्प्यात, अगदी नजरेसमोर, एक काचेचा ट्रे आहे. मागच्या दिवाळीत भाचा आला तेव्हा त्याने त्यावरची चिठ्ठी वाचली, ‘धाकटी पाती’, आणि अर्थ विचारला. मी कपाटाची गोष्ट सांगितली. त्याने ट्रेमधला वरणाचा डबा काढला, वार तपासला, कपाटातून शेवेची बरणी आणली आणि म्हणाला, “मावशी, आज मंगळवार आहे. दोन वाट्या दे.”