एकाच क्षणाची नोंद

उच्चदाबाच्या वाहिनीतून किती वीज वाहणार, हे मुख्यतः तिच्या दोन टोकांच्या व्होल्टेजमधल्या कोनांतरावर ठरते. प्रत्यावर्ती विजेचा दाब लाटेसारखा वरखाली होत असतो. भारतात सेकंदाला 50 वेळा, अमेरिकेत 60 वेळा. ही लाट सगळीकडे एकाच क्षणी माथ्यावर पोचत नाही. चंद्रपूरची वीज मुंबईकडे वाहत असते तेव्हा चंद्रपूरची लाट किंचित पुढे आणि मुंबईची किंचित मागे असते. हे मागेपुढे असणे अंशांत मोजतात. एक पूर्ण लाट म्हणजे 360 अंश. पाणी जसे उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे, तशी वीज पुढच्या कोनाकडून मागच्या कोनाकडे जाते. कोनांतर वाढते तसा वाहिनीवरचा भारही वाढतो. पण 90 अंशांच्या आसपास ही वाढ संपते, आणि त्यापुढे दोन्हीकडची जनित्रे एकमेकांचा ताल सोडतात.

इतकी महत्त्वाची राशी अनेक दशके प्रत्यक्ष मोजताच येत नव्हती. अडचण घड्याळाची होती. दोन उपकेंद्रांच्या घड्याळांत एक सहस्रांश सेकंदाचा फरक पडला, तरी 50 हर्ट्‌झच्या जाळ्यात कोन 18 अंशांनी चुकतो. शिवाय नियंत्रण कक्षात येणारी मापे काही सेकंदांच्या अंतराने गोळा होत. एका ठिकाणचे आकडे आत्ताचे, तर दुसऱ्या ठिकाणचे थोडे आधीचे असत. नोव्हेंबर 1965 मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात मोठा अंधार झाला. त्यानंतर एमआयटीतील फ्रेड श्वेप्पी यांनी अशा अपुऱ्या मापांवरून जाळ्याची सर्वांत संभाव्य स्थिती गणिताने काढण्याची रीत बसवली. ती आजही वापरात आहे. मात्र तिच्यातून मिळणारा कोन हिशेबाने काढलेला असतो, मोजलेला नव्हे.

प्रत्यक्ष मोजमापाची वाट एका वेगळ्याच कामातून निघाली. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले अरुण फडके आयआयटी खरगपूरमधून अभियंता होऊन अमेरिकेत गेले आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली. 1970 च्या दशकात ते अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या वीज कंपनीत संगणकावर चालणारे रिले तयार करण्याच्या खटपटीत होते. वाहिनीवर बिघाड झाला की तो ओळखून तिला जाळ्यापासून तोडायची आज्ञा देणारे उपकरण म्हणजे रिले. तीन तारांपैकी कोणत्या तारेत वा तारांमध्ये बिघाड झाला, यानुसार सहा निरनिराळी समीकरणे तपासावी लागत, आणि त्या काळच्या संगणकाला तेवढा वेग नव्हता. फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन तारांच्या मापांचे सममित घटक पाडले आणि सहांच्या जागी एकच समीकरण आणले. या हिशेबाच्या मधल्या पायरीवर ‘धन-क्रम’ व्होल्टेज हाती येत होते, म्हणजे तिन्ही तारांचे मिळून एक परिमाण आणि एक कोन. रिलेच्या दृष्टीने ती केवळ एक पायरी होती. पण संपूर्ण जाळ्याच्या अभ्यासाला लागणारी राशी नेमकी हीच. लागलेल्या उत्तराइतकेच लक्ष मधल्या पायरीकडे देणे, हा उपयोजित संशोधनातला फार मोठा गुण आहे, आणि पुढचे सारे काम त्यावरच उभे राहिले.

1982 मध्ये फडके व्हर्जिनिया टेक या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच सुमारास जीपीएसचे उपग्रह अवकाशात जाऊ लागले होते. जीपीएस लोकांना ठाऊक आहे ते रस्ता दाखवणारे साधन म्हणून. वीज अभियंत्यांना त्यात दिसले ते सगळीकडे एकच वेळ दाखवणारे घड्याळ. त्याची अचूकता एक दशलक्षांश सेकंदाची धरली, तरी कोनातली चूक 0.018 अंशांवर येते. कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स थॉर्प यांच्या साथीने 1988 मध्ये व्हर्जिनिया टेकच्या प्रयोगशाळेत पहिले ‘फेजर मेजरमेंट युनिट’ म्हणजे पीएमयू सिद्ध झाले: व्होल्टेजचे परिमाण आणि कोन यांची जोडी (फेजर) या सामायिक घड्याळावर मोजणारे उपकरण. सुरुवातीची काही युनिटे वीज कंपन्यांच्या उपकेंद्रांत बसवली गेली. थोड्याच वर्षांत मॅक्रोडाइन कंपनीने हे उपकरण बाजारात आणले, आणि 1995 मध्ये त्याचे पहिले आयईईई मानक ठरले. या कामासाठी 2008 मध्ये फडके आणि थॉर्प यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले.

उपकरण हाती आले तरी वीज कंपन्या ते घेण्याची घाई करत नव्हत्या. त्याची किंमत समजली ती अंधार पडल्यावरच. 10 ऑगस्ट 1996 रोजी अमेरिकेच्या पश्चिम भागातले जाळे विजेच्या वाढत्या आंदोलनांनी, म्हणजे हेलकाव्यांनी, फुटले. संगणकावरच्या प्रतिकृतीत मात्र तीच आंदोलने विरून जात होती. समकालिक नोंदी हाती होत्या म्हणूनच प्रतिकृती चुकीची आहे हे ठामपणे सांगता आले. ऑगस्ट 2003 मध्ये ईशान्य अमेरिका आणि ओंटारिओतील सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा घटनांचा क्रम लावतानाच चौकशी करणाऱ्यांचा बराच वेळ खर्ची पडला, कारण निरनिराळ्या उपकरणांची घड्याळे जुळत नव्हती. त्यांच्या अहवालाने वेळ जुळवलेली नोंदयंत्रे सक्तीची करावीत अशी शिफारस केली.

भारतात हा धडा 30 आणि 31 जुलै 2012 रोजी मिळाला. पश्चिम विभागाकडून उत्तरेकडे प्रचंड वीज ओढली जात होती. 30 तारखेच्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना–ग्वाल्हेर ही 400 किलोव्होल्टची वाहिनी रिलेने जाळ्यापासून तोडली. तिच्यावर बिघाड नव्हता. रिले व्होल्टेजला विद्युतप्रवाहाने भागून बिघाडाचे अंतर ताडतो. प्रवाह फार वाढला आणि व्होल्टेज खाली आले की अतिभारही दूरच्या बिघाडासारखा दिसू लागतो. इथे तसेच झाले, आणि उत्तरेत अंधार पडला. दुसऱ्या दिवशीच्या अंधाराने सुमारे 60 कोटी लोकांच्या प्रदेशाला घेरले. त्या वेळी देशात मोजकेच पीएमयू प्रायोगिक तत्त्वावर चालू होते, तरीही तपासाला त्यांच्या नोंदींची मोठी मदत झाली.

पुढे पॉवर ग्रिड महामंडळाने देशभर एक हजारांहून अधिक पीएमयू बसवण्याचा प्रकल्प घेतला. त्यातून सेकंदाला कित्येक नोंदींचा जो ओघ येतो, त्याचा उपयोग करणारी संगणक-साधने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने तयार झाली. एका साधनाने वाहिनीचा खरा रोध आणि प्रतिघात दोन्ही टोकांच्या मापांवरून काढता येतात. कागदोपत्रीचे जुने आकडे गृहीत धरावे लागत नाहीत. दुसरे साधन वयोमानाने चुकू लागलेले मापन ट्रान्सफॉर्मर ओळखते. आणखी एक थेट 2012 च्या दुखण्यावर आहे: दूरचा बिघाड दिसल्याचे रिले सांगतो तेव्हा तो बिघाड खरा की नुसता अतिभार, हे आजूबाजूच्या समकालिक मापांवरून पारखणे.

उपकेंद्रात पाय न ठेवताही हे संशोधन करता येते. भिंतीवरच्या साध्या सॉकेटला जोडायचे वारंवारता-मापक व्हर्जिनिया टेकमध्ये तयार झाले. भारतात आयआयटी मुंबईने निरनिराळ्या शिक्षणसंस्थांमध्ये अशाच कमी दाबाच्या नोंदयंत्रांचे जाळे उभारले. एखादे मोठे जनित्र अचानक बंद पडले की वारंवारतेतली घट सगळीकडे एकदम पोचत नाही. प्रकाशाच्या मानाने ती कितीतरी सावकाश पसरते. ती कोणत्या शहरात आधी आणि कोणत्या शहरात नंतर पोचली, हे ताडून कुठले जनित्र बंद पडले याचा अंदाज प्रयोगशाळेत बसल्या जागी बांधता येतो.

सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढतो आहे तसे या कामापुढे नवे प्रश्न येत आहेत. औष्णिक वा जलविद्युत केंद्रातले जड चक्र फिरत राहिल्याने वारंवारतेची घसरण सावकाश होते. इन्व्हर्टरमधून येणाऱ्या विजेमागे असे चक्र नसते. घसरण वेगवान होते आणि लाटेचा आकारही बिघडतो. फेजरची कल्पना मात्र लाट सुबक आहे असे धरून चालते. त्यामुळे काही प्रयोगशाळांत आता कोन काढून थांबण्याऐवजी लाटच, वेळेच्या शिक्क्यासह, बिंदूबिंदूने नोंदवण्याचे काम सुरू झाले आहे.