हार्ड डिस्कचा भरवसा किती धरावा?

पूर्वी घरातील जपून ठेवण्याचा ऐवज एका ट्रंकेत मावत असे. जमिनीची ऋणपुस्तिका, वाटणीपत्र, मुलांचे दाखले आणि लग्नातले चार-दोन फोटो, एवढाच तो असे. आता पांढुर्णा आणि सौंसर या भागातही मुलगी नागपुरास शिकते, मुलगा पुण्यास नोकरी करतो आणि घरातील बारसे असो, बाप्तिस्मा असो की पोळा असो, त्याची शेकडो छायाचित्रे मोबाइलमध्ये जमतात. ती एकत्र ठेवता यावीत म्हणून काही घरांत एक लहानशी पेटी येते. तिच्या आत दोन किंवा चार हार्ड डिस्क असतात, ती घरच्या वायफायशी जोडलेली असते आणि कुटुंबातील प्रत्येकाला तिच्यातले पाहता येते. दुकानदार तिला ‘नॅस’ म्हणतात. ही पेटी घेताना मनात पहिला प्रश्न येतो तो हाच की, यातली डिस्क किती वर्षे टिकेल? आज आपण या प्रश्नाचाच विचार करू.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. त्यांवरून वाचणारे व लिहिणारे एक सूक्ष्म शीर्ष फिरते. तबकडी आणि शीर्ष यांमधले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. एवढे नाजूक यंत्र रात्रंदिवस चालावयाचे म्हटले म्हणजे ते कधीतरी थांबणार, हे उघड आहे. प्रश्न केवळ केव्हा, एवढाच उरतो.

या प्रश्नाला कंपनीच्या माहितीपत्रकात एक भारदस्त उत्तर छापलेले असते. दोन बिघाडांमधला सरासरी काळ १० लाख तास! वर्षाचे तास ८७६०; भागाकार केला तर ११४ वर्षे होतात. मग ही डिस्क आपल्या नातवाच्या नातवाला उपयोगी पडेल काय? मुळीच नाही. या आकड्याचा अर्थ निराळा आहे. तिशीतल्या हजार माणसांपैकी वर्षभरात एकच दगावला, तर प्रत्येक माणूस हजार वर्षे जगेल असे कोणी म्हणत नाही. तसेच येथे आहे. ११४ डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यांपैकी सुमारे एक बिघडेल, एवढेच तो आकडा सांगतो. तो कळपाविषयी बोलतो, आपल्या घरातल्या एका डिस्कविषयी नव्हे.

शिवाय हा आकडा प्रत्यक्षात उतरतोच असे नाही. २००७ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठमोठ्या संगणककेंद्रांतील डिस्कच्या नोंदी तपासल्या. पत्रकांप्रमाणे वर्षाला शेकडा ०.८८ च्या आत बिघाड व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात तो बहुधा शेकडा २ ते ४ आढळला आणि काही ठिकाणी १३ पर्यंत गेला. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासूनच्या आपल्या डिस्कच्या नोंदी लोकांपुढे ठेवत आली आहे. तिच्याकडे २०२३ मध्ये शेकडा १.७० आणि २०२४ मध्ये शेकडा १.५७ डिस्क बिघडल्या. दीड टक्का ऐकावयास थोडा वाटतो. पण तोच दर पाच वर्षे कायम धरला तर शंभरातल्या सुमारे सात डिस्क त्या काळात जातात, म्हणजे चौदा घरांतील एका घराची.

आपल्याकडील संत्र्याचा बागाईतदार हे गणित न शिकताही जाणतो. कलमे लावताना तो “हे झाड किती वर्षे जगेल?” असे विचारीत बसत नाही. “या रोपवाटिकेच्या कलमांत किती नांग्या पडतात?” असे तो विचारतो आणि नांग्या भरण्याची तयारी आधीच ठेवतो. एका झाडाला डिंक्या झाला म्हणून तो सारी रोपवाटिका वाईट ठरवीत नाही. आणि एक झाड फळांनी लवले म्हणून साऱ्या बागेचा विमाही उतरला असे मानीत नाही.

डिस्कच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो. “माझी अमुक कंपनीची डिस्क वर्षात गेली, ती कंपनी घेऊ नका,” असा सल्ला आपणांस हरघडी मिळतो. एका दुकानदाराने एका जातीच्या वीस डिस्क विकल्या आणि एक परत आली, तर तो दर शेकडा पाच होतो. पण वीस हा आकडा इतका लहान आहे की, निव्वळ योगायोगाने तेथे एकही बिघाड झाला नसता किंवा दोन झाले असते. हजारो डिस्कच्या नोंदी असल्यावाचून निवाडा करू नये. तो करतानाही कंपनीचे नाव न पाहता नेमका नमुना पाहावा. बॅकब्लेझच्या नोंदींत सीगेटचा ३ टेराबाइटचा एक नमुना फार मोठ्या संख्येने बिघडला, तर त्याच कंपनीचा ४ टेराबाइटचा नमुना पुष्कळ चांगला चालला. आडनाव एक, पण प्रकृती दोन.

खरेदी करताना आणखी एक गोष्ट विचारावी. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. त्याने जागा वाचते, पण लिहिलेले बदलताना फार वेळ लागतो. नॅसमधील बिघडलेल्या डिस्कच्या जागी अशी डिस्क बसवली, तर सारी माहिती पुन्हा तिच्यावर उतरवण्याचे काम रेंगाळते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या नॅससाठीच्या काही डिस्क या पद्धतीच्या निघाल्या आणि ते आधी स्पष्ट सांगितले नव्हते, म्हणून बराच गदारोळ झाला. पत्रकात ही पद्धत नीट पाहून घ्यावी. हमीचाही अर्थ ध्यानात असावा. हमीत नवी डिस्क मिळते. जुनीवरील छायाचित्रे मिळत नाहीत.

डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. तबकडीवरील किती जागा खराब झाल्यामुळे बदलून घेतल्या, किती जागा वाचता येईनात, हे तिच्यात दिसते. हे आकडे शून्यावरून वाढू लागले की डिस्क बदलण्याची तयारी करावी. परंतु आकडे शून्य आहेत म्हणून निर्धास्तही राहू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. ताप न येताही माणूस आजारी असू शकतो, तसेच हे.

त्याच अभ्यासात मध्यम उष्णतेचा फारसा दुष्परिणाम दिसला नाही. पण ती थंड राखलेल्या केंद्रांतील गोष्ट. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद कपाटातल्या पेटीत डिस्क खोलीपेक्षा बरीच अधिक तापते आणि माहितीपत्रकातील ६० ते ७० अंशांची कमाल मर्यादा जवळ येते. म्हणून पेटी मोकळ्या हवेत, पत्र्याच्या छपरापासून दूर ठेवावी आणि तिचा पंखा धुळीने कोंडू देऊ नये. तिला यूपीएस अवश्य जोडावा. लिहिणे चालू असताना वीज एकाएकी गेली तर फाइली अर्धवट राहतात, आणि पावसाळ्यात वीज पडून आलेला दाबाचा लोंढा दोन्ही डिस्क एकाच क्षणी निकामी करू शकतो.

श्रोतेहो, या शेवटच्या वाक्यातच मुख्य मुद्दा आहे. एकाच पेटीत दोन डिस्कवर तीच माहिती ठेवली, की एक गेली तरी दुसरी काम चालवते. ही सोय चांगली, परंतु तिला दुसरी प्रत समजू नये. चोर पेटीच घेऊन जातो, आग दोघींनाही लागते, आणि चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून जाणकारांचा नियम असा: प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या आपल्या पांढुर्णा जिल्ह्यात हे अवघड नाही. पांढुर्ण्याच्या घराची एक प्रत सौंसरच्या आत्याकडे राहावी आणि सौंसरची पांढुर्ण्यास. दर दोन-तीन महिन्यांनी जाता-येता ती बदलून घ्यावी. मात्र त्या प्रतीतून दहा-वीस फाइली उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेली प्रत ही केवळ समजूत असते.

चांगली डिस्क निवडावीच; चांगला नमुना, योग्य पद्धत आणि लांब मुदतीची हमी यांनी बिघाडाचा संभव कमी होतो. पण तो शून्यावर आणणारी डिस्क कोणत्याही दुकानात मिळत नाही. तेव्हा “ही डिस्क किती वर्षे टिकेल?” या प्रश्नाऐवजी “ही डिस्क आज रात्री बंद पडली तर उद्या सकाळी आपले काय जाईल?” हा प्रश्न घरात विचारला जावा. त्याचे उत्तर “केवळ डिस्कची किंमत” असे ज्या घरात देता येईल, त्या घराचा ऐवज सुरक्षित आहे असे समजावे.