पाणथरीत काय दिसलं

आयसीयूच्या दाराशी थांबलेल्या नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. डॉक्टर ‘सेप्टिक शॉक’ म्हणाले की थोड्या वेळाने कुणीतरी विचारतं, “म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली का?” मागच्या लेखांकात आपण सेप्सिसची २०१६ सालची व्याख्या पाहिली. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडतो, त्या बिघाडाने अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो. पण बिघडतो म्हणजे जास्त होतो की कमी? ते या व्याख्येत नाही. नातेवाइकांचा प्रश्न भाबडा वाटतो खरा, पण संशोधकही गेली कित्येक वर्षं त्याच प्रश्नाशी झगडत आहेत.

सुरुवातीचं उत्तर ‘जास्त’ असं होतं. १९८७ साली केविन ट्रेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांच्या रक्तात ई. कोलाय जंतूंची प्राणघातक मात्रा सोडली. टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं ज्या माकडांना दोन तास आधीच दिली होती, ती वाचली. जंतू तेच, मात्राही तीच. म्हणजे जीव घेतो तो जंतूंवर सोडलेला शरीराचा स्वतःचाच वणवा, असा निष्कर्ष निघाला आणि तो विझवणाऱ्या औषधांचा शोध जोरात सुरू झाला. रुग्णांवरच्या चाचण्यांत मात्र ती एकामागून एक पडली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर टीएनएफला रक्तातच पकडून ठेवणाऱ्या औषधाची मात्रा वाढवली तसे मृत्यूही वाढले. तेच औषध पुढे संधिवाताच्या रुग्णांना उपयोगी पडलं.

या अपयशाचं एक मोठं कारण मला त्या ‘दोन तास आधी’मध्ये दिसतं. माणूस दोन तास आधी कधीच येत नाही. दोन दिवस अंगावर काढलेला ताप, मग गावातले डॉक्टर, मग तालुक्याचं रुग्णालय, मग ॲम्ब्युलन्स. तो आयसीयूत पोचतो तेव्हा वणवा पेटून बराच वेळ झालेला असतो.

मग तेव्हा आत असतं काय? हे पाहायचं धाडस अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रिचर्ड हॉचकिस यांच्या गटाने केलं. धाडस अशासाठी, की त्यासाठी मृत्यूनंतर लगेच, अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंतच्या वेळात, देहातून ऊतींचे नमुने घ्यावे लागत. म्हणजे ज्यांचं माणूस नुकतंच गेलं आहे त्यांना तेव्हाच विचारायचं. २०११ साली त्यांनी सेप्सिसने दगावलेल्या ४० जणांच्या प्लीहेचा आणि फुप्फुसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या घडीला ‘हो’ म्हणणाऱ्या कुटुंबांचं ऋण मला या विषयावर लिहिताना दर वेळी जाणवतं.

प्लीहा म्हणजे आपली पाणथरी. रक्त तिच्यातून गाळलं जातं आणि प्रतिकाराच्या पेशी तिथे मोठ्या संख्येने मुक्कामाला असतात. या गटाने आधीच दाखवलं होतं की सेप्सिसने गेलेल्यांच्या पाणथरीत बी पेशी आणि मदतनीस टी पेशी मोठ्या प्रमाणावर मेलेल्या असतात. आता उरलेल्या पेशींना प्रयोगशाळेत डिवचून पाहिलं. निरोगी पेशी असं डिवचल्यावर सायटोकाइन नावाची संदेशवाहक रसायनं सोडतात. या पेशींनी तुलनेसाठी घेतलेल्या पाणथरींच्या मानाने सुमारे एक दशांश, किंवा त्याहूनही कमी रसायनं सोडली. टीएनएफसुद्धा! ज्याच्या अतिरेकाला दहा-पंधरा वर्षं दोष दिला, तेच प्रथिन या पेशींना धड तयार करता येत नव्हतं. शिवाय टी पेशींना लगाम घालणारे पीडी-१ सारखे रेणू वाढलेले होते.

आयसीयूत काम करणाऱ्यांना हे वाचून ओळखीचं वाटलं असेल. पहिला संसर्ग आटोक्यात येतो आणि दुसऱ्या आठवड्यात ॲसिनेटोबॅक्टरसारखा जंतू उठतो, जो धडधाकट माणसाच्या सहसा वाटेला जात नाही. अंगात वर्षानुवर्षं निजलेले नागीण कुळातले विषाणू जागे होतात.

तेव्हा उत्तर ‘जास्त’ही आहे आणि ‘कमी’ही, पुष्कळदा एकाच रुग्णात, एकाच दिवशी. आधी भडका, मग थकवा, असा सरळ क्रमही असतोच असं नाही.

कोविडच्या काळात हे जगाने अनुभवलं. २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आलं. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, ते आपण पाहिलं आहे. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही त्यामागची प्रमुख कारणं होती. आग विझवायचं औषध राखणदारालाही झोपवतं.

म्हणून आता संशोधनाचा रोख औषधाआधी मोजमापाकडे वळला आहे, आणि मला हीच दिशा बरोबर वाटते. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए-डीआर नावाचे रेणू असतात. जंतूचा तुकडा टी पेशींना दाखवायचं काम ते करतात. ते फार घटले आणि घटलेलेच राहिले, तर प्रतिकार थकल्याची ती खूण. उलट फेरिटिन भयंकर चढलं, यकृत बिघडलं, रक्त गोठण्याची क्रिया विस्कटली, तर भडक्याचा संशय घ्यायचा. इंटरल्यूकिन-१ अडवणाऱ्या ॲनाकिन्राची चाचणी १९९० च्या दशकात अपयशी म्हणून बाजूला पडली होती. २०१६ मध्ये तिचीच आकडेवारी पुन्हा चाळली, तेव्हा यकृत आणि रक्त गोठणं दोन्ही बिघडलेल्या मोजक्या रुग्णांचा गट वेगळा काढता आला. त्या गटात २८ दिवसांनंतर औषध मिळालेल्यांपैकी ६५.४ टक्के जिवंत होते, न मिळालेल्यांपैकी ३५.३ टक्के. जुनी आकडेवारी अशी मागाहून चाळून काढलेला निष्कर्ष पुरावा म्हणून कच्चाच. पण सरासरीच्या आकड्यात हे रुग्ण इतकी वर्षं हरवून गेले होते, याचं वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात आपण ओडिशातल्या खेड्यांत जाऊ. तिथे साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत काही बाळांना प्रतिजैविक नव्हे, तर उपयुक्त जिवाणू पाजले गेले होते.