ऑफिसात चालतो, घरी रुसतो: लॅपटॉपच्या वायफायचं नेमकं काय बिघडतं?

अब्बू किंवा मोठा भाऊ ऑफिसातून लॅपटॉप घेऊन घरी येतात. धाकटीला त्यावर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा असतो आणि शेवटची तारीख उद्यावर आलेली असते. वायफायची खूण दिसते, त्याच वायफायवर मोबाईलचे व्हिडिओ धडाधड चालतात, पण लॅपटॉपवर एक पान उघडत नाही. मग लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात जातो. तिथे ‘फॉरमॅट मारावं लागेल’ असं ऐकायला मिळतं आणि पैशांबरोबर घरचे फोटो, मार्कशीटच्या स्कॅन कॉपीही जातात. बहुतेक वेळा याची काहीच गरज नसते. लॅपटॉप बिघडलेला नसतो, तो फक्त घरी बसून ऑफिसच्या पत्त्यावर पत्र टाकत असतो.

हे समजून घ्यायला थोडं मागे जाऊ. लॅपटॉप वायफायला जोडला की त्याला तीन गोष्टी लागतात: स्वतःचा आयपी नंबर, बाहेर जाण्याचा दरवाजा म्हणजे गेटवे, आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारा डीएनएस. घरच्या राउटरमध्ये या तिन्ही गोष्टी आपोआप वाटण्याची सोय असते, तिला डीएचसीपी म्हणतात. लॅपटॉप ‘मला नंबर द्या’ म्हणतो, राउटर देतो, विषय संपला. म्हणूनच साध्या लॅपटॉपला दोन जागी वापरण्यासाठी काहीच करावं लागत नाही. दोन्हीकडचा पासवर्ड एकदा टाकला की तो दोन्ही नावं लक्षात ठेवतो आणि जे जवळ असेल त्याला जोडला जातो.

गडबड तेव्हा होते, जेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी हे नंबर हाताने भरून ठेवलेले असतात. अनेक छोट्या ऑफिसांत प्रिंटरसाठी किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी प्रत्येक मशीनला ठरावीक नंबर दिला जातो. तो जर कंट्रोल पॅनेलमधून, वायफाय अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये भरला असेल, तर तो एका वायफायपुरता राहत नाही, जिथे जाल तिथे लॅपटॉप तोच नंबर पुढे करतो. ऑफिसात गेटवे १०.०.०.१ असेल आणि घरचा राउटर १९२.१६८.१.१ वर बसला असेल, तर लॅपटॉप घरात नसलेला दरवाजा ठोठावत बसतो.

यावर उपाय विंडोजमध्येच आहे, पण फार कमी लोक तिथे पोचतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये वायफाय निवडा, मग मॅनेज नोन नेटवर्क्स. इथे लॅपटॉपला माहीत असलेल्या सगळ्या वायफायची नावं दिसतील. ऑफिसच्या नावावर क्लिक केलं की आयपी असाइनमेंट असं लिहिलेलं दिसतं, त्यापुढचं एडिट दाबून ऑफिसचे नंबर तिथे भरा. घरच्या नावावर मात्र ऑटोमॅटिक ठेवा. इथले नंबर त्या-त्या वायफायपुरतेच राहतात. त्याआधी कंट्रोल पॅनेलमध्ये भरलेले नंबर काढून तिथेही ऑटोमॅटिक करायला विसरू नका. जुने नंबर काढण्याआधी मोबाईलने स्क्रीनचा फोटो घेऊन ठेवा, नाहीतर सकाळी ऑफिसात तेच शोधत बसाल.

नंबर ऑटोमॅटिक असूनही तो १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर लॅपटॉपला राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही असं समजा. अशा वेळी राउटर बंद करून मिनिटभराने चालू करणं, हा साधा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे प्रॉक्सी. काही ऑफिसांत इंटरनेट थेट मिळत नाही, मधल्या एका सर्व्हरमधून जातं. त्या सर्व्हरचा पत्ता लॅपटॉपमध्ये भरलेला असतो, आणि विंडोज हा पत्ता वायफायच्या नावानुसार वेगवेगळा ठेवत नाही. घरी आल्यावर ब्राउझर ‘प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नाही’ अशा अर्थाचा संदेश दाखवतो. नेटवर्क अँड इंटरनेटमध्येच प्रॉक्सी नावाचा भाग आहे, तिथला यूज अ प्रॉक्सी सर्व्हर हा पर्याय घरी बंद करायचा, ऑफिसात चालू. रोज हे करणं कंटाळवाणं आहे, म्हणून ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा की ऑटोमॅटिक सेटअप स्क्रिप्टचा पत्ता मिळेल का. तशी स्क्रिप्ट असेल तर ती ऑफिसात लागू होते आणि घरी ती सापडली नाही की ब्राउझर साधारणपणे थेट बाहेर जातो. मॅक वापरणाऱ्यांचं यात बरं आहे. त्यांना नेटवर्क सेटिंगमध्ये लोकेशन्स मिळतात. ‘घर’ आणि ‘ऑफिस’ अशी दोन लोकेशन्स बनवली की नंबर, डीएनएस, प्रॉक्सी सगळं एका क्लिकवर बदलतं.

आपल्याकडे खाली दुकान, वर घर अशी घरं कमी नाहीत. तिथे दोन्ही वायफाय एकाच वेळी पकडतात आणि लॅपटॉप कधी कुठल्या वायफायला चिकटेल याचा नेम नसतो. जे नको असेल त्याच्या नावावर जाऊन कनेक्ट ऑटोमॅटिकली हा पर्याय काढून टाका. म्हणजे गरज पडली तरच तुम्ही स्वतः ते जोडाल.

उलटा त्रासही होतो, म्हणजे घरी चालतं आणि ऑफिसात नाही. ऑफिसचा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच पुढे करत असतो. अशा वेळी ते नाव फर्गेट करून नव्याने जोडा. काही ऑफिसांत फक्त नोंदवलेल्या मशीनलाच आत घेतात, आणि ही ओळख मशीनच्या हार्डवेअर पत्त्यावरून होते. रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस चालू असेल तर हा पत्ता बदलतो आणि ऑफिसचं नेटवर्क लॅपटॉपला ओळखत नाही. ऑफिसच्या नावापुरतं ते बंद ठेवा.

घरून व्हीपीएन लावून ऑफिसचं काम करणाऱ्यांची एक वेगळीच अडचण असते. व्हीपीएन जोडलं जातं, पण ऑफिसचा सर्व्हर काही उघडत नाही. दोन्हीकडचे नंबर १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील तर लॅपटॉपला ऑफिसचा सर्व्हर घरातच आहे असं वाटतं, आणि तो घरातच शोधत राहतो. घरच्या राउटरची रेंज बदलून १९२.१६८.५० सारखी वेगळी केली की हा घोळ मिटतो. राउटर बसवून देणाऱ्या माणसाला हे पाच मिनिटांचं काम आहे.

जोडताना विंडोजमध्ये पब्लिक की प्रायव्हेट असाही पर्याय असतो. घरी प्रिंटर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवरच्या फाइल्स हव्या असतील तर प्रायव्हेट ठेवा. हॉटेलात, स्टेशनवर, अनोळखी ठिकाणी पब्लिकच बरं, कारण मग तुमचं मशीन आजूबाजूच्यांना दिसत नाही.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर यातलं काहीही बदलण्याआधी आयटी विभागाला विचारा. अशा मशीनवर काही पर्याय मुद्दाम कुलूपबंद असतात, आणि घरातल्या मुलांनी त्यावर काय उघडलं हेही कंपनीला दिसू शकतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म, बँकेचं काम यासाठी तो लॅपटॉप वापरायचा का, याचा घरात आधीच विचार झालेला बरा. ऐन वेळी अडलंच तर मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघता येतं, पण हाताने भरलेले नंबर किंवा प्रॉक्सी तशीच राहिली असेल तर तिथेही पान उघडणार नाही.

सगळं करूनही जमलं नाही तर अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये नेटवर्क रीसेट आहे. त्याने फोटो, फाइल्स जात नाहीत. पण साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएनची जोडणी पुसली जाते, लॅपटॉपही एकदा बंद होऊन चालू होतो. त्यामुळे आधी पासवर्ड कागदावर लिहून घ्या, आणि फॉरमॅटचं नाव त्यानंतरच काढा.