कावळा, फांदी आणि मधला ‘म्हणून’

गडमुडशिंगीच्या शिवारात उसाच्या सरीत पायाला काही डसलं, तर कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय काही फार लांब नाही. तरी ‘आधी मांत्रिकाकडं न्या, माझ्या चुलत्याला त्यानंच उठवलं’ असं कळवळून सांगणारा कुणीतरी भेटू शकतो. तो खोटं बोलत नसतो. चुलता खरोखर उठलेला असतो.

विचाराच्या या घसरणीला आपल्याकडं जुनं नाव आहे : काकतालीय. कावळा ताडावर बसला, त्याच क्षणी फळ पडलं. बघणाऱ्याला वाटलं, कावळ्यानंच पाडलं. पाणिनीच्या सूत्रांवरच्या ‘काशिकावृत्ती’त हा शब्द उदाहरण म्हणून आलेला आहे. मराठीनं ताडाऐवजी फांदी घेतली आणि म्हण केली : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. या म्हणीच्या नेमकेपणाचं मला फार अप्रूप वाटतं. ती कुणाला खुळा ठरवत नाही. कावळा बसला हे खरं, फांदी तुटली हेही खरं. चुकीचा आहे तो दोहोंच्या मधला ‘म्हणून’. त्यामुळं न पटणाऱ्या कुठल्याही मताला काकतालीय म्हणणं बरोबर नाही. नुसत्या योगायोगाला कारण मानलं असेल, तिथंच तो शब्द शोभतो.

आता चुलत्याकडं वळू. आपल्याकडच्या बहुतेक सापांचं विष माणसाला मारणारं नसतं. धामण बिनविषारी, दिवडही बिनविषारी. माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरशामुळं. यांतलाही साप दर दंशात विष सोडतोच असं नाही. विष न चढलेल्या अशा माणसावर मंत्र टाका, लिंबू उतरवा किंवा नुसतं बसवून ठेवा. तो चालत घरी जातो आणि पुढं गावभर सांगतो. ज्याला घोणशीनं भरपूर विष दिलं, तो सांगायला मागं राहत नाही.

ही खोड एकट्या माणसाची नाही. 1948 मध्ये बी. एफ. स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळानं दाणे दिले, मग पक्षी काहीही करत असो. आठांपैकी सहा पक्ष्यांनी आपापली ठरलेली हालचाल धरली. एक गोल फिरू लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. या प्रयोगाच्या अर्थावर पुढं वाद झाले, पण ‘हे केलं, म्हणून ते मिळालं’ ही जोडणी शिकण्याच्या मुळाशीच आहे. विस्तवाला हात लावू नये हे आपण याच वाटेनं शिकतो.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं माणसाच्या या विचाराला हात लावलेला नाही. सर्पदंश झालेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं मात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

आणि दवाखान्यात या ‘म्हणून’ची परीक्षा होते ती किती साधी! कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं. वीस मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष अंगात भिनलं आहे असं धरून सर्पविषावरचं प्रतिविष सुरू होतं. नाग-मण्यारचं विष या नळीत दिसत नाही, त्यासाठी मिटू लागलेल्या पापण्या आणि श्वास बघत राहावं लागतं. रक्त गोठलं तरी रुग्णाला लगेच घरी धाडत नाहीत. त्याला नजरेखाली ठेवतात आणि हीच चाचणी पुन्हा करतात.