यंत्राला ओटीपी कुठे पाठवायचा?

वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेली, की १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे केलेलं बिल ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवावं लागतं. मोठ्या कारखान्यात हे काम माणूस करत बसत नाही. माल निघाला, की हिशेबाची प्रणालीच बिल धाडते आणि ६४ अक्षरी नोंदणी क्रमांक घेऊन येते. सगळा मामला दोन यंत्रांमधला. रात्री दोन वाजता पोर्टलने ओटीपी मागितला, तर तो वाचणार कोण?

म्हणून प्रणाली आधी आपला क्लायंट आयडी, सीक्रेट (म्हणजे प्रणालीचा गुप्त संकेत), वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड देते. ते जुळलं, की सहा तास चालणारं टोकन हाती पडतं. पुढे दर बिलासोबत पासवर्डाऐवजी हे टोकन जातं.

बँका, विमा कंपन्या, कुरिअरवाले यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच चालतं. तिथे बहुधा २०१२ साली ठरलेल्या ओऑथ २.० या मानकातली ‘क्लायंट क्रेडेन्शियल्स’ ही पद्धत वापरतात, आणि तपासणीला दारातच एपीआय गेटवे असतो. आत पन्नास सेवा असोत, टोकन कुणाचं आहे हे तो बघतो.

हे टोकन पुष्कळदा जेडब्ल्यूटी प्रकारचं असतं: टिंबांनी जोडलेले तीन तुकडे. मधल्या तुकड्यात कोण, कशासाठी आणि कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं. ते दिसतं अगम्य, पण सहसा कुलूपबंद नसतं. कुणीही उलगडून वाचावं. भरवसा आहे तो तिसऱ्या तुकड्यातल्या डिजिटल सहीवर. गेटवे ती जाहीर किल्लीने पडताळतो, मुदत आणि कुणासाठी दिलंय ते पाहतो. सही कोणत्या पद्धतीची, हे मात्र टोकनलाच विचारायचं नाही. काही जुन्या लायब्रऱ्या ‘सहीच नाही’ असं सांगणारी टोकनंही मुकाट्याने मान्य करत. पद्धत गेटवेमध्ये आधीच ठरवून टाकलेली बरी.

अशा टोकनची एक पंचाईत आहे: चोरीला गेलं तर मुदत संपेपर्यंत ते सहसा चालूच राहतं. तासाभराचं असेल तर निभावतं. वर्षभराचं टोकन देणाऱ्याला मी तरी दारावर बसवणार नाही.

खरं दुखणं सीक्रेटचं. २०१६ मध्ये उबरच्या गिटहबवरच्या खासगी कोड-कोशात पडून असलेल्या क्लाउडच्या किल्ल्या चोरांना सापडल्या आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. सीक्रेटची जागा कोडमध्ये नाही, तिजोरीसारख्या वेगळ्या सेवेत. आणि ते अधूनमधून बदलायचं. बदलताना काही काळ जुनं आणि नवं अशी दोन्ही चालू ठेवायची. सगळी यंत्रं नव्यावर आली, हे नोंदींत दिसलं की मगच जुनं रद्द करायचं.