वाऱ्याला पाटी वाचता येत नाही

मंडळी, कडावहून खालापूरला येऊन मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागलात, की डोक्यावर आडव्या लोखंडी कमानी दिसतात. त्यांना गॅन्ट्री म्हणतात. आपण वरची पाटी वाचतो आणि पुढे जातो. तिला धरून ठेवणारे पाय कोण बघतो?

आता बघा, आपल्याला त्या पाटीत अर्थ दिसतो. वाऱ्याच्या लेखी ते नुसतं शीड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पाटीवरचा दाब चौपट होतो. दोन पायांची कमान तो वाटून घेते. एकाच खांबाला आडवा हात काढून पाटी किंवा सिग्नल टांगला, तर वारा त्या खांबाला वाकवतो आणि पिळतोही. सगळा ताण शेवटी येतो तळाच्या बोल्टांवर आणि जमिनीतल्या काँक्रीटवर.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळला. १७ माणसं गेली. ती गॅन्ट्री नव्हती, पण वाऱ्याचा हिशेब तोच. मुंबईत फलकाला मर्यादा ४० बाय ४० फुटांची. तो सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. म्हणजे नऊपट शीड!

पाटीवर काय लिहिलंय हे कळणं म्हणजे अर्धंच ज्ञान. ती कशावर उभी आहे, पावसाळ्याआधी बोल्ट कुणी तपासले, हे विचारणं हे उरलेलं अर्धं. ते विचारायला तत्त्वज्ञ असावं लागत नाही.